छपाईपूर्वीची वानगी

आपल्या संघाच्या स्मरणिकेचे काम ज्या कार्यकर्त्यांवर सोपविलेले असते, त्यांची कीव यावी असा एक प्रसंग दरवर्षी घडतो. जाहिराती स्वीकारण्याची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री आपल्यापैकी पुष्कळ सभासद आपल्या जुन्या भेटकार्डाचे मोबाईलवर छायाचित्र काढतात, ते व्हॉट्सॲपवर धाडतात आणि खाली लिहितात, "यावरून पूर्ण पान करून घ्यावे." कार्डावर अंगठ्याची सावली पडलेली असते, एक कोपरा दुमडलेला असतो, दूरध्वनीचा क्रमांक जुना असतो. पुढे स्मरणिका हाती आली म्हणजे आपल्याच पेढीचे नाव धूसर छापलेले पाहून आपण छापखान्यास दोष देऊन मोकळे होतो. मीही हे अनेक वर्षे केलेले आहे. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिणे हे मी माझ्याकडे राहिलेले एक देणे समजतो.

मी बेळगावचा धान्याचा घाऊक व्यापारी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. मुद्रणकलेतला मी जाणकार नाही. परंतु गिऱ्हाईक म्हणून या कलेशी माझा संबंध चाळीस वर्षांचा आहे, आणि त्या संबंधात एकदा माझ्या हातून जी चूक घडली, तिने मला पुष्कळ शिकविले. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : कोणतेही काम छापखान्यात जाण्यापूर्वी ते छापण्यायोग्य करून देणे हा एक स्वतंत्र व प्रतिष्ठित धंदा आहे, आपण व्यापाऱ्यांनी त्याचा मोबदला रास्त द्यावा आणि आपल्या मुलामुलींपैकी ज्यांना तो करावयाचा असेल, त्यांनी तो वजनमापाच्या शिस्तीने करावा.

आमच्या वडिलांच्या काळी पेढीचा छपाईशी संबंध तो किती? पावतीपुस्तके, दिवाळीची पत्रे, घरच्या लग्नाची आमंत्रणे. पोत्यावर मार्का उठवावयाचा तो पत्र्यात कापलेल्या अक्षरांवरून निळ्या शाईचा बोळा फिरवून. ज्या हमालांना अक्षरओळख नव्हती, तेही तो मार्का पाहून पोते कोणत्या थप्पीचे हे अचूक सांगत. कागदी कामासाठी गल्लीतल्या छापखान्यात जावे, तर तेथे एक जण शिशाचे खिळे जुळवीत बसलेला असे, दुसरा कच्चे मुद्रित वाचून चुका काढी, चित्र असेल तर ठसा करणारा तिसरा असे, आणि यंत्र चालविणारा चौथा. चार जणांचे डोळे एका कागदावरून फिरल्यावाचून तो कागद गिऱ्हाइकाच्या हाती पडत नसे.

आज त्या चौघांपैकी पहिल्या तिघांचे काम संगणकापाशी बसलेली एकच व्यक्ती करते. अक्षरे तीच जुळविते, चित्र तीच बसविते, शुद्धलेखन तीच पाहते आणि छापखान्याकडे जाणारी अंतिम प्रतही तीच सिद्ध करते. काम तिघांचे, जबाबदारी तिघांची, आणि आपण मात्र तिला विचारतो, "त्यात काय आहे? दहा मिनिटांचे तर काम!" या एका वाक्यात आपला सगळा अन्याय साठविलेला आहे.

दुसरीकडे, आपल्या धंद्यातली छपाई मात्र कितीतरी पटींनी वाढली आहे. पूर्वी शंभर किलोचे पोते जसे येई तसे जाई. आता गिऱ्हाइकाला पाच किलोची, दहा किलोची पिशवी हवी असते, आणि तिच्यावरील एकेक अक्षराला कायद्याचे वजन आहे. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, भरणाऱ्याचे नाव व पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठीचा संपर्क हे सारे द्यावे लागते. वजनाच्या अंकांची किमान उंचीसुद्धा नियमाने ठरलेली आहे. अन्नसुरक्षा खात्याचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण ही त्याशिवाय. 18 जुलै 2022 पासून तर पंचवीस किलोपर्यंतच्या, आधी भरून नाव-वजन छापलेल्या धान्यावर वस्तू व सेवा कराची आकारणी सुरू झाली. पिशवीवरील मजकूर हा आता केवळ शोभेचा विषय राहिलेला नाही.

आता माझी चूक सांगतो.

सन 2018 च्या दिवाळीपूर्वी गोव्यातील एका जुन्या व्यापारी स्नेह्याने आमच्याकडे बेळगाव बासमतीच्या पाच किलोच्या पिशव्या मागितल्या. भेट म्हणून द्यावयाच्या असल्याने प्लास्टिक नको, तपकिरी जाड कागदाच्या हव्यात, अशी त्याची इच्छा. पिशवीची रचना करण्याचे काम आमच्याच पेठेतील एका दिवंगत व्यापाऱ्याच्या मुलीकडे दिले. वडिलांच्या मागे दुकान मिटले, तेव्हा तिने घरच्या माडीवर एक संगणक मांडून छपाईपूर्व कामाचा लहानसा धंदा सुरू केला होता. आई व धाकटा भाऊ यांचा भार तिच्यावर होता. तिने रचना सुंदर केली. मी ती मोबाईलच्या पडद्यावर पाहिली, शाबासकी दिली व तीन हजार पिशव्या छापण्यास सांगितले.

पिशव्या आल्या, अकराशे भरून गोव्यास रवानाही झाल्या. चौथ्या दिवशी स्नेह्याचा फोन आला. त्याचा आवाज ओशाळलेला होता. "शेठ, गिऱ्हाईक विचारते, या तांदळाच्या पिशवीवर मांसाहाराची खूण कशी?" मी गोदामात जाऊन एक पिशवी उन्हात धरली. शाकाहाराचे हिरवे वर्तुळ त्या तपकिरी कागदावर मळकट, तपकिरीकडे झुकलेले उमटले होते. त्या काळी मांसाहाराची खूणही वर्तुळाचीच, केवळ रंगाने तपकिरी, अशी होती. तेथे त्रिकोण आला तो पुढे 2020 च्या नियमांनी. वाचकहो, जैनाच्या पेढीवरून निघालेल्या तांदळाच्या पिशवीवर अशी खूण दिसावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट मला आजवर दुसरी आठवत नाही. माल परत मागविला. अठरा रुपयांप्रमाणे चोपन्न हजारांच्या पिशव्या रद्दीत गेल्या आणि दिवाळीचा हंगाम हातचा गेला.

मी त्या मुलीला बोलावून घेतले आणि चार माणसांदेखत टाकून बोललो. तिचे साडेचार हजारांचे बिल अडवून धरले. ती एवढेच म्हणाली, "काका, मी तुम्हाला लिहिले होते." मी ते ऐकून घेतले नाही.

पुढल्या वर्षी भाद्रपदात माझ्या नातवाने मला नवा फोन आणून दिला. जुने निरोप त्यात उतरवून घेताना तो सहज म्हणाला, "आजोबा, हे पाहिलेत का?" तिचा निरोप होता : कागद तपकिरी आहे, शाई पारदर्शक असते, त्यामुळे हिरवा रंग मळेल, खाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागेल, खऱ्या कागदावर एक नमुना काढून पाहू या, सहाशे रुपये खर्च येईल. त्याखाली माझे उत्तर होते : "नमुन्याची गरज नाही. छापून टाका."

ज्या माणसाने आयुष्यात सळी खुपसून वानगी काढल्याशिवाय एक पोते विकत घेतले नाही, त्याने तीन हजार पिशव्या वानगीवाचून घेतल्या होत्या. आणि सहाशे रुपये वाचविण्यासाठी चोपन्न हजार घालवून दोष एका पोरक्या मुलीच्या माथी मारला होता. क्षमावणीच्या दिवशी मी तिच्या माडीवर गेलो, हात जोडले, बिल चुकते केले. तिने माझ्या पुढ्यात पाणी ठेवले आणि म्हणाली, "काका, पैशांचे राहू द्या, पण पुढच्या वेळी नमुना काढू द्या." त्या दिवसापासून मी हा विषय तिच्याकडून व इतरांकडून समजून घेत आलो आहे. जे समजले, ते आपल्या धंद्याच्या भाषेत मांडतो.

पहिली गोष्ट रंगाची. फोनचा किंवा संगणकाचा पडदा लाल, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांतून रंग दाखवितो. छापखान्यात प्रकाश नसतो, शाई असते. आणि ती आकाशी, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार प्रकारची असते. पडद्यावरील झळाळता केशरी वा पोपटी रंग या चार शायांच्या मिश्रणातून तसाच्या तसा उतरत नाही. शिवाय शाई कागदाचा रंग आपल्यात मिसळून घेते. पेढीच्या नाममुद्रेचा एखादा रंग दरवेळी अगदी तोच हवा असेल, तर त्यासाठी पाचवी, मुद्दाम सिद्ध केलेली शाई वापरावी लागते व तिचा खर्च निराळा पडतो. म्हणून पडद्यावरून रंग पसंत करणे म्हणजे दिव्याच्या उजेडात तांदळाची सफेदी ठरविण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट चित्राच्या घनतेची. चांगल्या छपाईस एका इंचात सुमारे तीनशे ठिपके लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र जर बाराशे ठिपके रुंद असेल, तर ते चार इंचांपर्यंत नीट छापेल. तेच बारा इंचांवर ताणले, तर इंचाला शंभर ठिपके उरतात व चित्र फुटते. पावशेर डाळीत पाणी वाढवून बारा जणांची पंगत उठविता येते, पण ती आमटी राहत नाही.

तिसरी गोष्ट कडेची. कागद छापून झाल्यावर गठ्ठ्याने कापतात. त्यात पाते केसभर इकडेतिकडे होतेच. म्हणून कडेपर्यंत रंग न्यावयाचा असेल, तर तो प्रत्येक बाजूस तीन मिलिमीटर बाहेर वाढवून ठेवावा लागतो. 210 बाय 297 मिलिमीटरचे पान तयार करावयाचे ते 216 बाय 303 चे. आणि नाव, पत्ता, अंक हे कडेपासून आत ठेवावयाचे. धान्य भरताना तोंड शिवण्यापुरते पोते आपण रिकामे ठेवतोच की नाही? हा हिशेब तोच आहे.

चौथी गोष्ट अक्षरांची, आणि ती आपणा मराठी माणसांच्या विशेष जिव्हाळ्याची. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेतपद्धती 1991 साली आली व तीत देवनागरी पहिल्यापासून आहे. परंतु छपाईच्या व्यवहारात पुढेही कित्येक वर्षे जुने टंक चालत राहिले, आणि त्यांत प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा होता. असे काम ज्या संगणकात तो टंक नाही तेथे उघडले, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. एका पद्धतीतून दुसरीत नेताना रफार उडतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते, जोडाक्षर तुटते. म्हणून अंतिम प्रत देताना टंक तिच्यातच अंतर्भूत करावा लागतो किंवा अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करावे लागते. आणि रूपांतरानंतर मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो. तसेच बारीक मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवावा. तो चार शायांत विभागला गेला आणि एकीवर दुसरी नेमकी बसली नाही, तर प्रत्येक अक्षराभोवती सावली दिसते.

पाचवी गोष्ट पट्ट्यांच्या सांकेतिक आकृतीची, जिला सर्व जण बारकोड म्हणतात. दुकानातील वाचकयंत्राचा प्रकाश बहुधा लाल असतो; त्याला लाल रेघा दिसत नाहीत. शोभेसाठी रेघा लाल वा केशरी केल्या, किंवा आकृतीच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा खाऊन टाकली, तर माल मोठ्या दुकानाच्या गल्ल्यावर अडतो. पांढऱ्यावर काळे, हेच उत्तम.

ही प्रत्येक चूक कधी कळते, यावर तिची किंमत ठरते. पडद्यावर कळली तर काही मिनिटांचे काम. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाची एक पत्री लागते. पत्री निघाल्यावर कळली तर पत्रीचा भुर्दंड. प्लास्टिकच्या पाकिटांसाठी प्रत्येक रंगाचा धातूचा रूळ कोरतात. तो कोरल्यावर कळली तर खर्च फारच मोठा. आणि माल छापून झाल्यावर कळली, तर माझी कथा आपण वाचलीच आहे.

यावर आपले काही बंधू म्हणतील, "आता फोनवरच तयार नमुने मिळतात, कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात चित्र काढून देते; मग माणसाला पैसे का मोजावेत?" हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. ज्याला दुकानाच्या दारावर उद्याच्या सुट्टीची सूचना लावावयाची आहे, त्याने फोनवरच करावी. परंतु यंत्राने काढलेल्या चित्रात देवनागरी अक्षरे पुष्कळदा चुकीची येतात. आणि आपला कागद तपकिरी आहे, गिऱ्हाईक गोव्याचे आहे, हे आपण सांगितल्याखेरीज त्याला कळण्याचा मार्ग नाही. मुख्य म्हणजे, "काका, नमुना काढू या" असे म्हणणारे माणूस त्यात नसते. आपण पैसे मोजतो ते या सावध करण्याचे. यंत्राने चित्र स्वस्त केले म्हणून तपासणी स्वस्त झाली, असे होत नाही.

आता ज्या मुलामुलींना व सुनांना हा धंदा करावयाचा आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. घाऊक अडतीचा आमचा धंदा पूर्वीसारखा सर्व भावंडांना पोसू शकत नाही, हे आपण मनोमन जाणतो. या धंद्यास गोदाम लागत नाही, माल पडून राहत नाही, भांडवल एका चांगल्या संगणकाचे. साधने विकत घेण्याची ऐपत नसेल, तर इंकस्केप व स्क्रायबस यांसारखी विनामूल्य साधने आहेत. मुक्ता, बालू यांसारखे सुबक देवनागरी टंकही मुक्त परवान्यावर उपलब्ध आहेत. मात्र चोरलेले साधन, चोरलेला टंक, दुसऱ्याच्या पिशवीवरून उचललेले चित्र यांस हात लावू नये. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले, त्यांत हीनाधिक मापाइतकाच चोरीचा माल घेणे हाही दोष मानलेला आहे. घेणाऱ्या व्यापाऱ्यानेही "टंक कोठून आणला?" असे विचारावे, वानगी पाहताना मालाचा गाव विचारतो तसे.

धंद्याची शिस्त एवढीच की, काम हाती घेण्यापूर्वी माप, कागद, रंगांची संख्या, छापखाना व मुदत ही पाच कलमे लिहून घ्यावीत. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या मोबदल्यात बसतात, ते आधी सांगावे. खऱ्या कागदावरील नमुन्याचा खर्च बिलात निराळा दाखवावा, आणि गिऱ्हाइकाची सही नमुन्यावरच घ्यावी. "काका आहेत, त्यांना सही कशी मागू?" हा संकोच सोडावा. त्या मुलीने माझ्याकडे सही मागितली असती, तर कदाचित मी चष्मा शोधला असता, आणि पिशवी उन्हात धरून पाहिली असती.

आपण सभासदांनी काय करावे? मजकूर एकदाच, लिहून व तपासून द्यावा. छापण्यास काढण्यापूर्वी घरातील दोघांनी तो मोठ्याने वाचावा, अंक तर बोट ठेवून वाचावेत. नमुना पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. बिल ठरल्या दिवशी चुकते करावे. हजारांच्या बिलासाठी चार खेपा घालावयास लावणे आपल्यासारख्यांस शोभत नाही. संघाला माझी एक विनंती आहे. पुढील वर्षापासून स्मरणिकेच्या जाहिरातींसाठी पानाचे माप व तयार प्रत कशी असावी याचे एक पत्रक तीन महिने आधी काढावे, आणि ज्यांच्याकडे तयार प्रत नाही, त्यांच्या जाहिरातीची रचना आपल्या समाजातील या लहान व्यावसायिकांकडून ठरीव मोबदल्यावर करून घ्यावी. तो मोबदला जाहिरातीच्या दरात मिळवावा. फुकटात कोणी करून देते, ही समजूत एकदाची संपावी.

आमच्या पेढीच्या पिशव्या आजही तीच मुलगी करते. तिच्याकडे आता हाताखाली दोघी जणी आहेत. प्रत्येक नव्या कामाचा नमुना ती स्वतः घेऊन येते, मी तो दारात उजेडात नेऊन पाहतो आणि मागल्या बाजूस सही करतो. माझ्या तिजोरीत त्या जुन्या तपकिरी पिशव्यांपैकी एक अजून घडी करून ठेवलेली आहे. नातू पेढीवर बसू लागला, त्या पहिल्या दिवशी मी त्याला चोपडीच्या आधी ती दाखविली.

— एक धान्य व्यापारी, बेळगाव